न शिकवलेला गट

नातेवाइकांना वाईट बातमी कशी सांगायची, हे डॉक्टर होऊ घातलेल्या मुलांना वर्गात शिकवता येतं, असं मॅडमचं ठाम मत होतं. पण अभ्यासक्रम समितीला नुसतं मत चालत नाही, पुरावा लागतो. म्हणून त्यांनी चिठ्ठ्या टाकून वर्गाचे दोन गट पाडले. पहिल्याला यंदा शिकवायचं, दुसऱ्याला पुढच्या वर्षी. परीक्षा मात्र दोघांची सारखीच: समोर नातेवाईक म्हणून एक नट बसणार, त्याला बातमी सांगायची. फरक दिसला तर विषय टिकणार, नाहीतर त्याचे तास सर्जरीला. सर्जरीचे प्रमुख तर त्या तासांवर टपूनच बसले होते.

निकाल आला आणि मॅडमच्या पायाखालची जमीनच सरकली. दोन्ही गट उत्तम होते. फरक नावालाही नव्हता.

त्यांची सख्खी भाची दुसऱ्या गटात होती. उगाच कोणी बोट दाखवायला नको म्हणून वर्षभर त्यांनी तिच्यापाशी या विषयाचं अवाक्षर काढलं नव्हतं. आता मात्र घरी बोलावून सरळ विचारलं. भाचीने आधी आढेवेढे घेतले, बशीतली बिस्किटं संपवली आणि मग कबूल केलं. पहिल्या गटातल्या मुली शिकलेलं सगळं मेसमध्ये दुसऱ्या गटाला करून दाखवायच्या. कोणी डॉक्टर व्हायचं, कोणी पेशंटची आई.

"दुसऱ्या गटाला सांगू नका म्हणून त्यांना बजावलं होतं ना मी? माझ्या सगळ्या कामावर पाणी फिरवलंत."

"पण मावशी, वॉर्डात आम्हालाही जावं लागतंच. तिथे रडणारी आई आमचा गट कुठला ते विचारत नाही."

मॅडमना राग आला होता, आणि त्याहून जास्त कौतुक वाटत होतं. दोन्ही एकदम आल्याने त्यांना धड रागावताही येईना.

समितीपुढे त्यांनी काही झाकून ठेवलं नाही. प्रयोग फसला, कसा फसला, आणि या निकालावरून काहीच सिद्ध होत नाही, हे सगळं सांगून टाकलं. मुलींची नावं मात्र विचारूनही दिली नाहीत. आता विषय गेलाच, असं धरून त्या कागद आवरू लागल्या.

सर्जरीच्या प्रमुखांनी चष्मा काढून पुसला.

"ऑपरेशन थिएटरच्या दारातूनच बातमी सांगतो मी, मॅडम, आणि आत पळतो. इतकी वर्षं हेच करत आलोय," ते हळू आवाजात म्हणाले. "तास ठेवा तुमच्याकडे. आणि मेसमध्ये मला बसू देतील का, तेवढं त्या मुलींना विचारा."