न वाजलेल्या तीन टिचक्या

मित्रांनो, मी एका लिलावघरातला जुना कठडा आहे. कठडा म्हटलं की तुम्हाला जिन्याचा आठवेल, पण मी तसा नाही. तीन बाजूंनी बंद, कमरेइतका उंच, आत एकच माणूस उभा राहील एवढा. वर एक तिरकी फळी. लिलाव पुकारणारा माझ्या आत उभा राहायचा, फळीवर कागद ठेवायचा आणि सौदा ठरला की फळीच्या कडेवर हातोडा मारायचा. इतकी वर्षं मार खाऊन माझी ती कड वाटीसारखी खोल गेली आहे.

मला घडवून घेतलं छोटीच्या आजोबांनी. छोटी म्हणजे या घरची मुलगी. आज तिचे केस पिकायला लागलेत, तरी हमालांपासून गिऱ्हाइकांपर्यंत सगळे तिला छोटीच म्हणतात. आजोबा ठेंगणे होते. त्यांनी सुताराला बजावलं, "आत एक पायरी ठेव. गर्दीला माझं तोंड दिसलं नाही, तर लोक काय टोपीशी बोली लावतील?" सुतार म्हणाला, "पायरी देतो मालक, पण तिच्यावर उभं राहून मोठे झालात असं समजू नका म्हणजे झालं." दोघंही खूप हसले. ते हसणं ऐकतच माझे सांधे जुळले.

आजोबांनंतर अण्णा माझ्यात उभे राहू लागले. अण्णा म्हणजे छोटीचे वडील. दर शनिवारी सकाळी हॉल भरायचा. कपाटं, घड्याळं, तराजू, बंद पडलेल्या दुकानांच्या पाट्या, काय काय यायचं! एकदा एक बोलका पोपट आला. तो स्वतःच बोली चढवायला लागला, तेव्हा पिंजऱ्यावर चादर टाकून त्याला विकावा लागला. अण्णांचा आवाज असा की मागच्या दारापाशी उभ्या असलेल्या माणसालाही वाटावं, हे आपल्याशीच बोलताहेत. लोक म्हणायचे, "अण्णांचा हातोडा पडला म्हणजे पडला. त्यात खोट नाही." हे ऐकलं की माझीच छाती फुगायची. हातोडा त्यांचा असला तरी आवाज माझा होता ना!

आमच्याकडे बोली तोंडानं लागायची आणि ठरावीक पायरीनं चढायची. त्यामुळे आकडा ऐकू आला नाही तरी चालायचं. बोली कुठून आली, एवढं कळलं की पुरे. ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरली, म्हणून आत्ताच सांगतो.

एका शनिवारी अण्णांनी एका बाईची बोली ऐकली नाही. दुसऱ्या शनिवारी दोघांची. लोकांना वाटलं, गडबडीत राहिलं असेल. पण माझ्या शेजारच्या बुटक्या टेबलावर छोटी नोंदवही लिहीत बसायची, तिच्या लक्षात आलं. तिनं बळेच त्यांना डॉक्टरांकडे नेलं. कानात घालायचं यंत्रही आणलं. पण हॉलच्या गोंगाटात ते नुसत्या शिट्ट्या मारायचं. अण्णांनी ते काढून खिशात घातलं आणि पुन्हा कधी बाहेर काढलं नाही.

"यंत्र दिसता कामा नये आणि कुणाला कळताही कामा नये," काका म्हणाले. काका म्हणजे अण्णांचे धाकटे भाऊ, गोदाम सांभाळायचे. "दादा, बहिऱ्याकडे विकायला माल कोण देईल? दोन पिढ्यांचं नाव एका दिवसात धुळीला मिळेल."

अण्णा माझ्यात येऊन उभे राहिले. त्यांचा डावा तळवा माझ्या फळीवर होता.

तेव्हा छोटीला एक युक्ती सुचली. तिचं टेबल मला चिकटूनच होतं. नोंदवहीआडून तिनं माझ्या कुशीवर बोटानं एक टिचकी मारली. टिचकी माझ्या लाकडातून सरसरत वर गेली आणि अण्णांच्या तळव्याला लागली. त्यांनी चमकून खाली पाहिलं.

"एक टिचकी म्हणजे डावीकडून बोली," छोटी ओठ स्पष्ट हलवत म्हणाली. "दोन म्हणजे उजवीकडून. तीन म्हणजे मागच्या दाराकडून. जमेल?"

जमलं. अडीच वर्षं जमलं. हॉलच्या कलकलाटात त्या टिचक्या कुणालाही ऐकू जात नव्हत्या. अण्णा झर्रकन त्या दिशेला वळायचे, बोट दाखवायचे, आकडा चढवायचे. लोक म्हणायचे, म्हातारपणी अण्णांचे कान जास्तच तिखट झालेत! आणि खरं सांगू का मित्रांनो? मला त्याचा गर्व झाला. मला वाटलं, आता मी नुसतं लाकूड राहिलो नाही, मी या घरचा माणूस झालो. आपण ज्यांना मदत करतोय, त्यांच्याकडून रोज एक खोटं वदवून घेतोय, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

मग तो शनिवार उजाडला.

त्या दिवशी एका बाइंडिंगच्या दुकानातला माल विकायला आला होता. त्यात पुस्तकं दाबून धरायचा एक लोखंडी प्रेस होता, चौघांनी उचलावा एवढा जड. दुकान दोघा भावाबहिणींनी मिळून चालवलं होतं. भाऊ वारला. कागदोपत्री सगळं भावाच्या नावावर, म्हणून प्रेस त्याच्या बायकोचा झाला. तिला गाव सोडून मुलीकडे राहायला जायचं होतं, तिनं तो विकायला काढला. ती पहिल्या रांगेत मांडीवर पिशवी घट्ट धरून बसली होती. आणि तिची नणंद, जिला सगळे बाइंडरबाई म्हणायचे, ती उजवीकडच्या खांबापाशी उभी होती. तीस वर्षं त्या प्रेसचं चाक तिनं फिरवलं होतं. तिचा उजवा खांदा डाव्यापेक्षा रुंद झाला होता. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या.

आदल्या दिवशी माल बघायला लोक येतात, तेव्हा बाइंडरबाई आली होती. प्रेसवरून हात फिरवत ती छोटीला म्हणाली होती, "हा गेला तर मी काय करू गं? मला दुसरं काही येत नाही." एवढंच. मागितलं काहीच नाही. पण छोटी त्या दिवशी घरी जाताना माझ्या फळीवर डोकं टेकून बराच वेळ उभी होती.

लिलाव सुरू झाला. उजवीकडून बाइंडरबाई, मागच्या दाराकडून एक छापखानेवाला. हा माणूसही काही वाईट नव्हता. नवीन छापखाना काढलेला, हातावर शाईचे डाग, डोळ्यांत उमेद. दोन टिचक्या. तीन टिचक्या. दोन. तीन. बाइंडरबाईचा आवाज बसत चालला. ओढाताण करून तिनं आणखी एक बोली लावली आणि डोळे मिटले. तिच्याकडे आणखी काही उरलं नव्हतं, हे कुणीही ओळखलं असतं.

दोन टिचक्या. अण्णांनी उजवीकडे बोट दाखवलं. "बोली एक!"

मागून छापखानेवाला ओरडला. खणखणीत, साऱ्या हॉलला ऐकू जाईल असा.

मी वाट बघत राहिलो. अण्णांचा तळवाही. छोटीचं बोट माझ्या कुशीला टेकलेलं होतं. पण हललं नाही.

"बोली दोन!"

छापखानेवाला पुन्हा ओरडला. छोटीनं बोट उचलून मांडीवर ठेवलं.

"बोली तीन!" आणि हातोडा पडला. त्या दिवशीचा मार मला आजवरच्या साऱ्या मारांपेक्षा जास्त लागला.

एकच गलका उठला. छापखानेवाला गर्दीतून वाट काढत पुढे आला. "अण्णा, ही कुठली रीत? मी दोनदा ओरडलो! विचारा कुणालाही!" लोक माना डोलवायला लागले. पहिल्या रांगेतली ती भावजय उठून उभी राहिली. तिच्या मालाला जास्त किंमत येत होती आणि ती तिच्या डोळ्यांदेखत बुडाली होती. अण्णांना नुसते हलणारे ओठ दिसत होते. त्यांनी छोटीकडे पाहिलं. छोटी वहीत बघत होती.

काका धावत गोदामातून आले आणि अण्णांसमोर उभे राहून ओठ हलवत म्हणाले, "हातोडा पडला म्हणजे पडला, एवढंच म्हण. तुझा अधिकार आहे तो."

खरोखरच होता. त्यांनी तेवढं म्हटलं असतं, तर कुणाची काही बोलायची टाप नव्हती. अण्णांनी माझी कड दोन्ही हातांनी धरली.

"मला मागची बोली ऐकू आली नाही," ते म्हणाले.

"हॉलभर ऐकू आली, तुम्हालाच कशी नाही?" छापखानेवाला अगदी समोर येऊन, कानाकडे बोट दाखवत म्हणाला.

"कारण मला ऐकूच येत नाही. अडीच वर्षं झाली. मी तुम्हा सगळ्यांपासून लपवलं. चूक माझी आहे."

हॉल असा चिडीचूप झाला की भिंतीवरची विकाऊ घड्याळं ऐकू यायला लागली. अण्णांना ते कळलं नाही. ते सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे बघत राहिले.

तेव्हा छोटी उठली. गप्प बसली असती, तर निभावून गेलं असतं. सगळा दोष म्हाताऱ्या कानांवर गेला असता. पण ती म्हणाली, "चूक अण्णांची नाही. बोली कुठून आली ते मी त्यांना कळवते. मला ऐकू आलं होतं. मी मुद्दाम कळवलं नाही."

हे तिनं गर्दीकडे तोंड करून म्हटलं. मग अण्णांकडे वळून, एकेक शब्द तोडून, पुन्हा म्हटलं. अण्णांचा तळवा माझ्यावरून हळूहळू निघाला. ते पायरी उतरले, बाहेर आले आणि कुणाकडेही न बघता हॉलमधून निघून गेले.

प्रेसचा लिलाव पुन्हा काकांनी पुकारला. हातोडा धरायची त्यांना सवय नव्हती, दोनदा नेम चुकला. प्रेस छापखानेवाल्याला गेला. भावजयीला तिची रास्त किंमत मिळाली.

छोटीला वाटलं असेल, बाइंडरबाई निदान दोन शब्द चांगले बोलेल. बाइंडरबाई तिच्यापाशी आली आणि म्हणाली, "मी तुला असं कर म्हणाले होते का? आता सगळे म्हणणार, बाई संगनमत करून आली होती. सगळं गेलं तरी माझं नाव शाबूत होतं. तेही तू घालवलंस." आणि ती निघून गेली. पुढे छापखानेवाल्याला तो प्रेस नीट चालवता येईना, तेव्हा तो तिचा पत्ता विचारत आमच्याकडे आला. आधी तिनं नाही म्हटलं. नंतर आठवड्यातून तीन दिवस जायला लागली, असं काकांकडून कळलं. आमच्या दाराकडे मात्र ती पुन्हा फिरकली नाही.

तीन आठवडे हॉल बंद होता. माझ्यावर धूळ बसली. चौथ्या शनिवारी अण्णा आले आणि माझ्यात उभे राहिले. हॉल निम्मासुद्धा भरला नव्हता. ते म्हणाले, "मला ऐकू येत नाही. ज्यांना बोली लावायची त्यांनी हात वर करावा. माझे डोळे अजून शाबूत आहेत." काहीजण कुजबुजले, चार-पाच उठून गेले. उरलेल्यांनी हात वर केले. आणि मित्रांनो, काम झालं! इतकं साधं होतं ते. अडीच वर्षांची भीती, चोरटेपणा, त्या टिचक्या, कशाकशाची गरज नव्हती. ते कळल्यावर मला आनंद व्हायला हवा होता. मला रडू आलं, पण लाकडाला ते दाखवता येत नाही.

छोटी मात्र टेबलापाशी आली नाही. ती गोदामात मालावर क्रमांक चिकटवत बसायची. नोंदवही काका लिहायचे, तीही चुकतमाकत. बापलेकीचं बोलणं तुटल्यासारखंच होतं. अण्णा तिच्या जवळून जाताना थांबायचे आणि पुढे जायचे.

एका सकाळी हॉल रिकामा असताना ती माझ्याजवळ आली. अण्णा कागद लावत होते. ती त्यांच्या पाठीमागून म्हणाली, "अण्णा, माझ्यावर परत विश्वास ठेवाल का?"

अण्णांना कसलं ऐकू येणार! ती समोर आली आणि पुन्हा म्हणाली, पण मान खाली घालून. अण्णा म्हणाले, "काय? वर बघून बोल."

मग तिनं मान वर केली आणि सगळ्या ताकदीनं ओरडली, "माझ्यावर परत विश्वास ठेवाल का?"

गोदामातले हमाल हातातल्या खोक्यांसकट थबकले. काका दारात आले. अण्णांनी नोंदवही तिच्यापुढे उघडून ठेवली.

"ठेवावा लागेल," ते म्हणाले. "काकाचं अक्षर मला वाचता येत नाही. बस. पेन्सिलीला टोक कर."

त्यानंतर चार वर्षं अण्णांनी लिलाव पुकारला. ती शेजारी बसून लिहीत राहिली. घराचं नाव पूर्वीसारखं झालं का? नाही झालं. काही गिऱ्हाइकं गेली ती गेलीच. आता छोटी स्वतः पुकारते, पण नव्या टेबलाशी बसून, आवाज मोठा करायच्या यंत्रातून. मी गोदामाच्या वाटेवर उभा आहे. माझ्या फळीवर रंगाचे डबे आणि ओल्या छत्र्या ठेवतात. पाणी मुरून माझी एक बाजू फुगली आहे. जाता-येता कुणीतरी कोरड्या फडक्यानं पुसलं, तर मी अजून पुष्कळ वर्षं टिकेन.

पण मित्रांनो, माझं राहू द्या. तुमच्या घरात एखादं माणूस पुन्हा पुन्हा "काय?" विचारत असेल, तर त्याच्यावर वैतागू नका आणि त्याच्यासाठी लपवाछपवीही करू नका. त्याच्या समोर जा, मान वर करा आणि पुन्हा सांगा. तीनदा सांगावं लागलं, तर तीनदा सांगा.