गोकुळच्या वाट्याचा पुडा

मी गोळ्यांचा एक राखाडी पुडा. इतके दिवस तुरीच्या डब्यात दबून होतो. आज बाहेर काढलंय, तर घाईघाईने बोलूनच घेतो. माझ्यावर नाव नाही, पण मी गोकुळचा आहे. आणि गोकुळ मला हात लावायला तयार नव्हता.

माझा जन्म कारखान्यातला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. खरं आयुष्य सुरू झालं ते बुलडाण्याजवळ, धाड गावाकडच्या एका खेड्यातल्या सरकारी दवाखान्याच्या कपाटात. पूर्वी तिथे अंगावरून जातंय, ओटीपोट दुखतंय म्हणून बाई आली की अंदाजाने गोळ्या मिळायच्या. डॉक्टर शरयू आल्या आणि नमुना तपासायला बुलडाण्याला जाऊ लागला.

अश्विनी आली ती सासूला, शालूबाईंना घेऊन. लग्नाला तीन वर्षं झाली होती, पाळणा हलला नव्हता. डॉक्टरांनी शालूबाईंना बीपी तपासायच्या निमित्ताने बाहेर पाठवलं आणि मगच विचारपूस केली. पुढे रिपोर्ट आला : क्लॅमिडिया, म्हणजे नवरा-बायकोच्या संबंधातून एकमेकांना लागणारा संसर्ग.

"कुणाकडून कुणाला आलं हे उकरत बसू नका," डॉक्टर म्हणाल्या. "पुरुषाला बऱ्याचदा पत्ताच नसतो. पण औषध दोघांनीही घ्यायचं. त्याने घेतल्यावर आठवडाभर जवळ यायचं नाही. नाहीतर तुला पुन्हा होईल, आणि मूल राहणं अवघड होत जाईल."

त्यांनी तिच्या नवऱ्याला, गोकुळला फोन लावला. तो जीप चालवतो. "गाडीत सवाऱ्या हायेत मॅडम," म्हणून त्याने फोन ठेवला. दुसऱ्यांदा लावून, कुठल्या औषधाचा त्रास होत नाही एवढं त्यांनी कसंबसं काढून घेतलं.

माझ्या जुळ्या भावाला अश्विनीने तिथेच पाण्याबरोबर गिळलं. काय नशीब लेकाचं! मी मात्र पदराआड घरी आलो.

"मले काय झालं?" गोकुळ बिथरला. "बाईच्या गोळ्या मी काऊन खाऊ?"

माणसांचं मला नवल वाटतं. डोकं दुखलं की शेजाऱ्याची गोळी मागून खातात, आणि स्वतःच्या वाट्याची दिली की अंगावर येतात. मी गेलो डाळीत.

त्या घरात बाईने महिन्याचे दिवस वेगळं बसायची रीत आहे. एरवी अश्विनीला तिचा राग यायचा. या खेपेला तिने तीच रीत ओढूनताणून लांबवली. तेही संपलं तेव्हा पाय चेपायच्या निमित्ताने सासूजवळ झोपू लागली. गोकुळ भांडी आपटायला लागला. मी डब्यात तळमळत होतो. वाटी आत आली की वाटे, आता तरी सुटका!

आज सकाळी शालूबाईंचाच हात आला.

"हे काय वं? पोर व्हावं म्हून देल्लं का डॉक्टरनीनं? मंग खाय ना! डाळीत काऊन पुरून ठेवलं?"

त्यांनी मला फाडलंसुद्धा, आणि पाण्याचा पेला सुनेपुढे धरला. चुकीच्या माणसाच्या पोटात जाऊन मी कुणाचं भलं करणार होतो?

अश्विनीने पेला घेतला नाही. ती एका दमात म्हणाली, "आत्याबाई, माह्यं मी घेतलं. हे त्यायचं हाय. ते घेत नाहीत, म्हून मी तुमच्यापाशी झोपून राह्यली."

शालूबाईंनी पेला खाली ठेवला. गोकुळ त्यांचा एकुलता एक, तोही किती वर्षांनी झालेला.

"मले इतक्या दवाखान्यात नेलं," त्या हळूच म्हणाल्या. "याच्या बापाले कोणी इचारलंच नाही."

दुपारी गोकुळ जेवायला बसला. आईने ताट पुढे सरकवलं. त्यात अर्धी भाकर आणि माझ्या गोळ्या, बस्स.

"माय, भाजी?"

"आधी हे."

"पण मले झालं काय?"

"काही नाही झालं. तरी खाय."

त्याने बायकोकडे पाहिलं. तिने नजर खाली घातली नाही.

"तुह्यं घेऊन झालं?"

"कवाच. आता तुमचीच वाट हाय."

भाकर संपली. मी त्याच्या तळहातावर आहे. वाचणाऱ्या दादांनो, बायकोला दवाखान्यात पाठवून आपण मागे राहू नका, आणि तिने पदराआड काही आणलं तर उजेडात घेऊन बघा. गोकुळने तांब्या उचललाय. येतो मी. पोरी, अजून आठवडाभर सासूजवळच झोप, पण आता पाय चेपायला नाही, जरा पाठ टेकायला जा.