गुरुवारचा मुहूर्त

नारायण पेठेतल्या अनंतरावांना पंचांगाचा भारी नाद. बाळ पोटात पायाळू आहे, ऑपरेशन करावं लागेल, असं डॉक्टर उल्काबाईंनी सांगितलं तेव्हा सून वल्लरीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि अनंतरावांनी पंचांग उघडलं. तीन दिवस खपून त्यांनी गुरुवारचा, अकरा वाजून बारा मिनिटांचा मुहूर्त काढला. उल्काबाई म्हणाल्या, तेव्हा माझी ओपीडी असते, पण तुमच्या ग्रहांना सांभाळून घेऊ.

खरं तर मुहूर्ताआड भीती होती. वल्लरीचं आधीचं बाळ चौथ्या महिन्यात गेलं होतं. घरात तो विषय कुणी काढत नसे. या वेळी कुठे एवढीशीही फट ठेवायची नाही, एवढंच अनंतरावांना कळत होतं.

मंगळवारी दुपारी साडेतीनला वल्लरी मटार सोलता सोलता उठली आणि तिथेच थांबली. सकाळपासूनच्या कळांना ती गॅस समजत होती. आता पाणीच गेलं. नवरा, सलिल, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये. सासूबाईंनी, हेमाताईंनी, पिशवी उचलली, अनंतरावांनी रिक्षा थांबवली. अमावास्या, त्यात राहुकाळ. ते बोलले नाहीत, पण सून त्यांना ओळखून होती.

“बाबा, वेळ वाईट आहे ना?”

रिक्षा लकडी पुलावर आली. अनंतराव तिच्या हातावर थोपटत म्हणाले, “वेळ वरच्याची आहे गं. आपण नुसतं पोचायचं.”

तपासून उल्काबाई बाहेर आल्या. बाळानं आपणहून गिरकी घेतली होती, डोकं खाली आलं होतं. ऑपरेशनची गरज नव्हती.

“शेवटच्या दिवसांत असं क्वचित होतं,” त्या म्हणाल्या. “यात माझं काही नाही. आणि अनंतराव, तुमचंही नाही.”

अनंतराव बाकावर बसले.  हात आपोआप जोडले गेले.

दिवेलागणीला नात झाली. नर्सनं दुपट्यात आणून दिली तेव्हा ते कितीतरी वेळ तिच्या पायांकडे बघत राहिले. तांदळाच्या कणीएवढी नखं, तीसुद्धा दहाच्या दहा. त्यांनी वाकून त्या पावलांवर कपाळ टेकलं.

“अहो, लहानांच्या पाया पडतात का?” हेमाताई पुटपुटल्या.

“तिच्या नाही पडत,” अनंतराव डोळे पुसत म्हणाले. “ज्यानं तिला वळवलं, त्याच्या पडतोय. पण हाताशी हेच दोन पाय आहेत.”