दादा वळलाच नाही

माझा दादा रुसला की सगळ्या जगाला कळेल अशी तजवीज करतो. त्या दिवशी सकाळी तो माझ्यावर रुसला होता आणि हॉटेलातल्या झाडून साऱ्या ड्रायव्हरांना ते ठाऊक होतं, कारण आमचं भांडण त्यांच्यासमोरच झालं होतं.

भांडण तरी कसलं, चहाचं. कामगारांच्या खोलीत दादा किटलीतून चहा ओतत होता. कप भरला, बशी भरली, टेबलावरून ओघळ खाली आला, तरी हा आपला ओततोच आहे. मी म्हटलं, "लक्ष कुठंय तुझं? पन्नाशी आली, आता चहा ओतायलाही माणूस ठेवायचा का?" ड्रायव्हर खो खो हसले. दादाने किटली आपटली, माझ्याकडे जळजळीत नजर टाकली आणि घोटभरही चहा न घेता निघून गेला. माझी जीभ जरा तिखटच आहे, आणि चार माणसांत बोलू नये हे मला नेहमी बोलून झाल्यावर आठवतं.

आमचं हॉटेल टेकडीवर पसरलेलं आहे. झाडांमध्ये विखुरलेली छोटी छोटी घरं, आणि पाहुण्यांना सामानासकट तिथवर न्यायला बॅटरीवर चालणाऱ्या बिनदरवाज्यांच्या गाड्या, गोल्फच्या मैदानावर असतात तशा. त्यातली एक दादाची. म्हणजे हॉटेलचीच, पण तो तिला 'राणी' म्हणतो आणि वहिनीला नावानेच हाक मारतो, यावरून काय ते समजा.

मी धुलाईच्या खोलीत असते. चादरी, अभ्रे, टॉवेल यांचा हिशेब माझ्याकडे. गाड्यांचा उताराचा रस्ता आमच्या दारासमोरूनच जातो आणि लगेच उजवीकडे वळतो. न वळलं तर समोर दगडी कठडा, आणि कठड्याच्या पलीकडे खाली लहान मुलांचं पोहण्याचं तळं. रिकामी गाडी आमच्या दारासमोरून जाताना ड्रायव्हर हात वर करतो. 'काही न्यायचंय का?' असा त्याचा अर्थ. मी पंजा हलवला की तू जा, मूठ दाखवली की थांब. आमच्या कामाची ही पद्धतच पडून गेली आहे, त्यासाठी कुणी तोंड उघडत नाही.

त्या दिवशी खालच्या घरांसाठी चादरींचं गाठोडं बांधून मी दारात उभी होते. दादाची गाडी रिकामी येताना दिसली. त्याने हात वर केला नाही. मी आपणहून मूठ दाखवली. तो ताठ बसलेला, दोन्ही हात स्टिअरिंगच्या चाकावर, नजर सरळ समोर. माझ्यासमोरून तो असा गेला की जणू दारात मी नाही, खांब उभा आहे. म्हटलं, अजून चहाच डोक्यात आहे वाटतं. नसेल न्यायचं तर नको नेऊस. मी फणकाऱ्याने पाठ फिरवली.

आणि धाड असा आवाज झाला.

वळून बघते तर गाडी कठड्याला भिडलेली. पलीकडून मुलांचा दंगा तसाच ऐकू येत होता, त्यांना पत्ताही नव्हता. मी धावले. दादा चाकावर कोसळला होता, कपाळातून रक्त येत होतं आणि गाडीची घरघर चालूच होती. त्याचा पाय अजून वेगाच्या पेडलवर दाबलेला होता, गाडी कठड्याला रेटत होती. मी दोन्ही हातांनी तो पाय उचलून बाजूला केला, तेव्हा कुठे घरघर थांबली.

"दादा! दादा, बघ इकडे!"

त्याने डोळे उघडले. "राणीला काय झालं?" हा त्याचा पहिला प्रश्न.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी कपाळाला टाके घातले. वयाने लहान, पण विचारणं अगदी नेमकं. "आपटायच्या आधी चक्कर आली होती का? डोळ्यांपुढे अंधारी? छातीत काही?"

"छे हो. सगळं लख्ख आठवतंय," दादा म्हणाला आणि माझ्याकडे बोट केलं. "या बाईवर रागावलो होतो. हिच्याकडे बघायचं नाही म्हणून मान फिरवली, तेवढ्यात वळण हुकलं. आता भावाबहिणीचं भांडण म्हणजे काय आजार आहे का?"

सुपरवायझरही आमच्याबरोबर आला होता. त्याचा जीव भांड्यात पडलेला स्पष्ट दिसला. "राग घरी ठेवून येत जा की," तो म्हणाला. "दुपारी शाळेची सहल यायचीय, सगळी पोरं वर न्यायचीत. जमेल ना?"

"न जमायला काय झालं?"

डॉक्टरीणबाई हात पुसत होत्या. "मग बसा थोडा वेळ आणि जा घरी," त्या म्हणाल्या. मी मात्र भिंतीला टेकून उभीच राहिले, कारण दादाने मान फिरवलीच नव्हती. तो समोर बघत होता. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

पण बोलायचं कसं? एकदा चक्कर आली की गाडीची किल्ली कायमची जाते, हा हॉटेलचा नियम. आधीच्या एका ड्रायव्हरचं तसं झालं, तो आता कोठारात बसून दिवे मोजतो. दादा त्याला भेटून आला की घरी जेवत नाही. माझ्या एका वाक्याने त्याची राणी जाणार. आणि मला तरी काय कळतं? असेल रुसला. मीच चारचौघांत त्याची अब्रू काढली होती.

रुसला असेल, असं मी मनाला परत परत सांगत होते. पण मन ऐकेना. कारण रुसलेला दादा बघायचं कधी सोडत नाही. लहानपणी तो ताटावरून उठून जायचा आणि दाराआडून डोकवायचा, आपल्याला बोलवायला कोणी येतंय का म्हणून. अजूनही रुसून समोरून गेला, की चोरून एक नजर टाकतोच. त्याचा रुसवा आपण बघितला की नाही, याची खात्री करून घेतल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. आणि आज त्याने बघितलं नाही. सहलीची गाडीभर पोरं माझ्या डोळ्यांसमोर आली.

"डॉक्टर, तो रुसला नव्हता," मी म्हणाले.

"ए, तू गप्प बस," दादा म्हणाला.

मी गप्प बसले नाही. न वर झालेला हात सांगितला, सरळ नजर सांगितली, सकाळचा सांडलेला चहासुद्धा सांगितला. डॉक्टरीणबाईंनी एवढंच विचारलं, "धडकल्यावर पाय कुठे होता?"

"वेगाच्या पेडलवर, ब्रेकवर नाही. दाबलेला. मी उचलला."

त्यांनी हात पुसायचं थांबवलं. "यांना आज घरी सोडता यायचं नाही. छातीला वायरी लावून ठेवते, बघू हृदय काय म्हणतंय."

सुपरवायझरने दादापुढे तळवा धरला. दादाने खिशातून किल्ली काढली, क्षणभर मुठीत धरली आणि दिली. माझ्याने तिकडे बघवेना.

मग आम्ही दोघंच उरलो. छातीला वायरी चिकटवलेला दादा, पलंगाशेजारचं ते टिकटिक करणारं यंत्र, स्टुलावर मी. बाहेरच्या टेबलाशी नर्स. वहिनी घरून निघाली होती. यंत्राच्या पडद्यावरची रेघ नेटकी उड्या मारत चालली होती आणि तिची प्रत्येक उडी मला म्हणत होती, बघ, काही नाही त्याला, तू उगाच त्याच्या पोटावर पाय दिलास. मला रडू येत होतं. चुकले असेन तर हा माझं तोंड पुन्हा बघणार नव्हता, आणि बरोबर असेन तर? तेही नको होतं.

"समाधान झालं?" दादा म्हणाला. "दिवे मोजायला बसव आता मला. घरात एक शहाणी जन्माला आली ना, बाकी सगळे वेडे! अगं, मला माझं शरीर कळत नाही का? मला काही म्हणता काही..."

तो थांबला. मला वाटलं, दम घेतोय. मी मान खाली घालून पुढचं ऐकायला तयार झाले. पुढचं आलं नाही. वर बघितलं तर तीच नजर. सरळ, समोर, माझ्यातून आरपार गेलेली. पडद्यावरची रेघ सपाट झाली होती.

यंत्र किंचाळायला लागलं. नर्स धावत आली, तिच्यामागून डॉक्टरीणबाई, आणखी एकजण औषधांचा गाडा ढकलत आला. कुणीतरी मला बाजूला सारलं. दादाचा चेहरा राखेसारखा झाला होता. डॉक्टरीणबाईंनी त्याच्या छातीवर हात टेकवले, दाबणार एवढ्यात रेघेने एक उडी मारली. मग दुसरी. गालांवर रंग परत आला.

"...झालेलं नाही!" दादा म्हणाला, त्याच तावात.

मग त्याला आजूबाजूची माणसं दिसली. छातीवरचे हात दिसले. तो गोंधळला. "एवढे सगळे कधी आले?"

त्याने माझ्याकडे बघितलं.

"तू बोलत होतास तेव्हा," मी म्हणाले.

"काहीतरीच. मी तर आत्ता..." एवढं म्हणून तो थांबला. एकेकाच्या चेहऱ्याकडे बघत गेला आणि शेवटी पडद्याकडे. मग त्याने माझं मनगट घट्ट धरलं आणि गप्प झाला.

त्याचं गप्प होणं मला सोसवेना. मी वाकून त्याच्या डोळ्यांत बघितलं, तो आहे ना म्हणून.

"बोल ना रे," मी म्हणाले. "शिव्या दे हवं तर. पण बोलत राहा."