पहिली वीट मालकाची

आमच्या शाळेच्या मागच्या अंगणात पत्र्याची एक शेड आहे आणि तिच्या दारावर पाटी आहे, ‘तयारी वर्ग’. कसली तयारी ते विचारू नका. मी त्याच वर्गात वाढले, माझा धाकटा दीर त्याच वर्गात वाढला, आणि आमच्यातलं कुणीही आजवर तयार झालेलं नाही. आमची घरची बोली वेगळी आणि शाळेची भाषा वेगळी, ती नीट येईपर्यंत मागे बसा, असं आम्हाला सांगायचे. मागे बसून ती यायची कुणाकडून? शिकवायला कधी शिवणाच्या बाई यायच्या, कधी पुढच्या इमारतीतल्या वर्गांना नको झालेले एखादे मास्तर, आणि बहुतेक वेळा कुणीच नाही. आम्ही काजं करायला शिकलो, रांगेत उभं राहायला शिकलो आणि ‘हो सर’ म्हणायला शिकलो. हेच शिक्षण.

माझ्या सासऱ्यांच्या वेळी तर तेवढंही नव्हतं. मग मेहरबानी म्हणून, पुढची मुलं घरी गेल्यावर, संध्याकाळी तासभर बसू द्यायला लागले. मग आणखी मेहरबानी म्हणून शेड मिळाली. दर वेळी त्यांनी थोडंसं द्यायचं आणि आम्ही हात जोडायचे. गंमत म्हणजे पुढची दुमजली इमारत सासऱ्यांच्याच हातची. आम्ही पिढीजात गवंडी, गावातल्या निम्म्या भिंती आमच्या. पण त्या इमारतीचा जिना सासरे चढले ते बांधताना, त्यानंतर नाही.

माझ्या मुलीला सगळे टोचणी म्हणतात, कारण प्रश्न विचारून विचारून ती समोरच्याचा जीव नकोसा करते. शाळेची भाषा ती माझ्याहून चांगली बोलते. शेडमध्ये नाही, गल्लीत हुंदडून शिकली. पुढच्या वर्गात नवीन मूल घ्यायला वयाची अट आहे आणि सुट्टीनंतर शाळा उघडेल ती तिची शेवटची संधी होती. यंदा वर गेली तर गेली, नाहीतर माझ्याबरोबर घमेलं उचलायला. हे सांगायला मी हेडसरांकडे गेले. त्यांनी तिला चार ओळी वाचायला लावल्या, तिने वाचल्या. ते म्हणाले, अजून तयारी कमी आहे, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी तिचं वय उलटेल, असं मी म्हटलं, तर म्हणाले, नियमाला मी काय करणार? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी ‘हो सर’ म्हणून बाहेर आले. शिकवलेलं इतक्या लवकर विसरतं होय!

सुट्टी लागली आणि आमच्या भाऊजींना शाळेचं काम मिळालं. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर, नवरा परमुलखात पुलाच्या कामावर असल्यामुळे घर आणि काम दोन्ही तेच बघतात. काम काय, तर मागचं अंगण आणि पुढची इमारत यांच्यामध्ये पुरुषभर उंचीची भिंत. आमची पोरं पाणी प्यायला पुढच्या नळावर जातात, वर्गाच्या खिडक्यांशी घुटमळतात, त्याचा म्हणे पुढच्या पालकांना त्रास होतो. आता त्यांनी मागच्या बोळातून यायचं आणि मागच्या बोळातून जायचं.

त्या दिवशी मी भाऊजींना ताटावरच धरलं. आपल्याच पोरांच्या तोंडावर भिंत बांधायला हात कसा धजतो, असं विचारलं. ते खाली मान घालून म्हणाले, आपण नाही घेतलं तर काम दुसरा घेईल. मी म्हटलं, मग सिमेंट-वाळूचा माल कालवायलाही दुसरीच शोधा. पण दुसऱ्या दिवशी मी गेलेच. घरी बसून दात खाण्यापेक्षा डोळ्यांसमोर काय चाललंय ते बघितलेलं बरं.

भिंत चढत गेली. भाऊजींचं काम मला आवडत नाही असं मी तरी म्हणू शकत नाही, त्यांच्या थरात वाकडेपणा सापडणार नाही. विटांची हातगाडी ने-आण करायला मध्ये एक दाराएवढी वाट मोकळी ठेवली होती. बाकी सगळी भिंत पुरी झाली. मग भाऊजींनी थापी धुतली, हात पुसले आणि हेडसरांना जाऊन सांगितलं, मालकांना पाठवा.

ही आमची जुनी रीत. माणसाच्या पायाखालची वाट बुजवायची असेल तर तिथली पहिली वीट गवंडी ठेवत नाही, मालकाने स्वतःच्या हाताने ठेवायची. आणि नुसती ठेवून भागत नाही. कुणाची वाट बुजवतोय त्याचं नाव चारचौघांत मोठ्याने घ्यायचं, मग वीट ठेवायची. पुढची भिंत आम्ही चढवतो. बांधलेलं आमचं, बुजवलेलं मालकाचं, असं सासरे म्हणायचे. भाऊजी काही बंडखोर माणूस नाही. त्यांनी मला दाखवायला की हेडसरांना अडवायला हे केलं नव्हतं. ते रीतीला पक्के, एवढंच.

हेडसरांनी ‘पहिली वीट मालकाच्या हातची’ एवढंच ऐकलं आणि त्यांचा चेहरा खुलला. त्यांना वाटलं, समारंभ आहे. पुढचं ऐकायला ते थांबलेच नाहीत. शाळा उघडायच्या दिवशीच ठेवू, समितीच्या अध्यक्षांना बोलावू, पालकांनाही बोलावू, हार, खुर्च्या, माईक, सगळं करू, असं म्हणत ते निघून गेले. भाऊजी माझ्याकडे बघत राहिले. त्या सुट्टीत मी पहिल्यांदाच पोटभर हसले. मग घरी जाऊन टोचणीचा फ्रॉक धुतला आणि कुठे उभं राहायचं ते तिला नीट सांगितलं.

शाळा उघडली त्या सकाळी पुढचे पालक खुर्च्यांवर, शेडमधली पोरं आणि त्यांच्या आया भिंतीच्या अलीकडे उभ्या. अध्यक्षांची लाकडाची वखार आहे आणि भाषणाचा नाद आहे. शिस्त, सुरक्षितता, शाळेची शान, सगळं बोलून झालं. मग हार घातलेल्या अध्यक्षांनी हसत हसत वीट उचलली. भाऊजींनी वाटेत माल पसरला. आणि टोचणी येऊन त्या मालाच्या अलीकडे, आमच्या बाजूला, बरोबर वाटेत, उभी राहिली.

“साहेब, नाव घ्या,” भाऊजी म्हणाले.

अध्यक्षांना कळेना. भाऊजींनी रीत समजावून सांगितली, त्यांच्या नेहमीच्या हळू आवाजात, पण माईक चालू होता. मागाहून कुणी विचारलं तर गवंड्याने बुजवली असं होऊ नये, म्हणून कुणाची वाट बुजवताय ते सांगायचं. कुणी काही बोलायच्या आत टोचणीने स्वतःचं नाव सांगितलं. बापाच्या नावासकट, आडनावासकट, शाळेच्या शुद्ध भाषेत.

अध्यक्ष हसायला लागले, पण हसू काही पुरं होईना. हे मुलांच्याच भल्यासाठी आहे, असं ते म्हणाले. मी पुढे होऊन म्हटलं,

“भल्यासाठी आहे ना, साहेब? मग लाजायचं कशाला? हिची वाट मी बुजवतो, एवढंच म्हणायचंय.”

खुर्च्यांवरचे लोक आपापल्या चपलांकडे बघायला लागले. त्यांच्यातल्याच एक आजीबाई मागून म्हणाल्या, घ्या की नाव, एवढे बोललात ते. अध्यक्षांनी वीट हेडसरांच्या हातात दिली, म्हणाले, शाळा तुम्ही चालवता, तुम्हीच मालक. हेडसर म्हणाले, मी पगारी माणूस, मालक समिती. समितीतल्या एकाला नेमका त्याच वेळी खोकला आला, दुसरा रुमाल शोधायला लागला. भिंत सगळ्यांना हवी होती, मालक व्हायला कुणी पुढे येईना. माल वाळायला लागला. हेडसर चिडून भाऊजींना म्हणाले, ही नाटकं पुरे, काम संपव. भाऊजी म्हणाले, नाही जमणार. दुसरे गवंडी आणतो, अशी धमकी झाली. आणा की, भाऊजी म्हणाले, गावातले सगळे आमच्यातलेच आहेत.

तेवढ्यात वेळ झाली म्हणून शिपायाने घंटा दिली.

मी टोचणीला म्हटलं, “घंटा झाली. जा.”

खरं सांगते, मला भीती वाटत होती. तिला वरून कुणी हाताला धरून खाली आणलं असतं तर मी काय केलं असतं ते मला आजही माहीत नाही. पण ती मालावरून टांग टाकून पलीकडे गेली, खुर्च्यांच्या मधून गेली आणि जिना चढायला लागली. तिच्या मागून शेडमधली आणखी पोरं निघाली. मीही निघाले. मला कुणी अडवलं नाही, किंवा अडवलं असेल तर मी बघितलं नाही.

वरच्या वर्गात टोचणी पहिल्या बाकावर जाऊन बसली. हेडसर धापा टाकत आले. हातातली वीट खाली ठेवायचं त्यांच्या लक्षात नव्हतं. त्यांनी सांगितलं, तुझं नाव या वर्गाच्या पटावर नाही, खाली जा.

ती उठून उभी राहिली. मोठ्या माणसांशी उभं राहून बोलायचं, हे शेडमध्ये शिकवलेलं.

“खाली माझं नाव घ्यायला कुणाचं तोंड उघडलं नाही, सर. इथे हजेरीत तरी घ्या.”

आणि ती परत खाली बसली. हेडसरांनी माझ्याकडे बघितलं, आता ही बाई ‘हो सर’ म्हणून पोरीला घेऊन जाईल, अशा नजरेने. मी दारात उभी होते. त्यांनी नाव घेईपर्यंत मी तिथून हलले नाही.