चिकटलेली दोन पानं

विमलाबाईंना वाचता येत नाही हे पहिल्यांदा लक्षात आलं ते त्यांच्या सुनेच्या, आणि तेही विमलाबाई घडाघडा वाचत असताना.

त्याचं असं झालं. सातपूरला त्यांच्या कॉलनीतल्या विहारात वर्षावासाचे तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले किशोरभाऊ वाचतात आणि बाया ऐकतात. लग्न होऊन कॉलनीत आल्यापासून विमलाबाईंनी एकही पावसाळा चुकवला नव्हता. ऐकून ऐकून ग्रंथ तोंडपाठ झालेला. शाळा मात्र पहिलीतच सुटली होती. इगतपुरीकडच्या त्यांच्या गावात भाताची आवणी आली की पोरी वर्गातून उठून चिखलात जायच्या, आणि आवणी संपली की परत शाळेत यायच्याच असं काही नसे. साठीला टेकल्यावर त्यांच्या मनाने घेतलं की एकदा तरी विहारात त्या आसनावर बसून आपण वाचायचं. घरी ग्रंथाची एक प्रत होतीच. दुपारी ओळीवर बोट ठेवून सराव सुरू झाला, आणि महिनाभरात त्या अशा वाचायला लागल्या की त्यांचे यजमान झुंबरराव म्हणाले, "आता कलेक्टरचीच परीक्षा दे."

एका रविवारी सून, पायल, शेजारी लसूण सोलत बसली होती. मध्येच तिचा हात थांबला.

"आई, मधली दोन पानं कुठे गेली?"

"कोणती?"

"ही. तुमचं बोट या पानावर फिरतंय, आणि तुम्ही म्हणताय ते पुढच्या पानावरचं आहे."

"ती नाय वाचत," विमलाबाई ठामपणे म्हणाल्या. "विहारात कधीच नाय वाचली."

संध्याकाळी विहारातली प्रत उघडून पाहिली. कधीकाळी मेणबत्तीचं मेण सांडलं होतं, आणि समोरासमोरची दोन पानं एकमेकांना घट्ट चिकटली होती. किशोरभाऊ बारा वर्षं, आणि त्यांच्याआधीचे वाचणारेही, ती दोन पानं न वाचताच पुढे जात आले होते. त्यांनी कपाळाला हात लावला. विमलाबाईंचं मात्र बिंग फुटलं. इतके दिवस डोळ्यांनी नुसती सोबत केली होती, सगळं काम कानांनी केलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच घरची इस्त्री आणि जुनी वर्तमानपत्रं नेली, आणि कागद ठेवून हलकेच इस्त्री फिरवत मेण उतरवलं. किशोरभाऊ म्हणाले, "उद्या वाचून टाकतो ही." तेव्हा विमलाबाई म्हणाल्या, "भाऊ, ही मला ठेवा. बाकीचं सगळं माझ्या कानात हाय. ही दोन पानं वाचली, तरच मी वाचलं असं होईल."

किशोरभाऊंनी जरा विचार केला. "बरं. तोवर ती तुमची."

घरात पायलने नियम घातला की ती पानं कुणीही मोठ्याने वाचायची नाहीत, आईंच्या कानावर पडता कामा नयेत. आणि पाटी आणली. अक्षरं पुन्हा पहिल्यापासून.

माणसाला घाई नडते. पुढच्याच वर्षी विमलाबाई आसनावर जाऊन बसल्या. सहा शब्द वाचले, सातव्याला अडल्या. त्यांनी ग्रंथ किशोरभाऊंच्या हातात दिला आणि खाली मान घालून घरी आल्या. पाटी माळ्यावर गेली. "माझ्या गवऱ्या मसणात गेल्या, आता काय शिकायचं?" एवढं बोलून त्यांनी विषय संपवला.

पायल वाद घालणाऱ्यातली नव्हती. ती पंचवटीतल्या एका दवाखान्यात कामाला होती, सकाळी साडेआठला घर सोडायची. दुसऱ्या दिवशी जाताना तिने डाळीच्या डब्यावर चिठ्ठी चिकटवली, 'कणीक मळून ठेवली आहे.' विमलाबाईंनी रागाने चिठ्ठीकडे पाहिलंसुद्धा नाही आणि पुन्हा कणीक मळली. भाकरीवाचून ज्यांचं पान हलत नाही त्या झुंबररावांनी दोन दिवस चपात्या खाल्ल्या. मग आली 'भाजीत मीठ घातलं आहे.' तीही वाचली नाही. त्या दिवशीची भाजी झुंबररावांनी हूं की चूं न करता संपवली आणि तांब्याभर पाणी प्यायले. त्यांना चिठ्ठी वाचता येत होती, पण सांगायची नाही असा सुनेचा हुकूम होता. तिसऱ्या दिवशी 'दूध तापवायचं राहिलं आहे' ही चिठ्ठी न वाचल्याने दूध नासलं, तेव्हा विमलाबाई चष्मा शोधायला लागल्या.

चिठ्ठ्या लांबत गेल्या आणि पायल लबाडही होत गेली. 'ज्योत्स्नाताई आल्या तर त्यांना दुर्मिळ पुस्तक द्या,' असं एकदा लिहिलं. त्या ज्योत्स्नापायी विमलाबाईंची अख्खी दुपार गेली. अक्षर सुटल्यावर त्या चारही मजले विचारून आल्या. इमारतीत ज्योत्स्ना नावाची कुणीही नव्हती.

पुढच्या तीन वर्षांत एक दिवस खंड पडला नाही. सिटी बसमध्ये उभी राहून आलेली पायल कधी कधी जेवतानाच पेंगायची, पण सकाळी डब्यावर चिठ्ठी असायचीच. माहेरी वणीला गेली तर हाताने लिहून फोनवर फोटो पाठवायची. विमलाबाईंना एखाद्या दिवशी अगदी जिवावर यायचं. तेव्हा वाटायचं, ती पोर एवढी दमून लिहिते, मला नुसतं वाचायचंय. वर्षाकाठी एकदा किशोरभाऊ वाचता वाचता त्या जागी यायचे, दोन्ही पानं एकत्र धरायचे आणि चष्म्यावरून पाहायचे. "यंदा?" विमलाबाई मान हलवून नाही म्हणायच्या. ते पुढे जायचे. याबद्दल कुणी कधी कुरकूर केली नाही.

चौथ्या वर्षी, भाद्रपदातल्या एका संध्याकाळी, किशोरभाऊ थांबले. "यंदा?"

विमलाबाई उठल्या.

आसनावर बसून त्यांनी हात जोडले, बोट ओळीवर ठेवलं. पहिली ओळ सावकाश आली. दुसरी आली. आवाज म्हाताऱ्या माणसाने जिना चढावा तसा, प्रत्येक पायरीला थांबत. पहिलं पान संपायला वीस मिनिटं गेली आणि कुणी उठलं नाही. दुसऱ्या पानाच्या मध्यावर एक लांबलचक शब्द आला, पोटात दोन जोडाक्षरं घेऊन, आणि त्या अडल्या.

विहारात कुणी अडलं की ऐकणाऱ्या बाया पुढचा शब्द पुरवतात, ही जुनी रीत. किशोरभाऊंनासुद्धा ठसका लागला तर पुढचं वाक्य बायाच पुरं करतात. विमलाबाईंनी सवयीने मान वर केली. समोर सगळ्यांचे ओठ मिटलेले. सर्वांत म्हाताऱ्या सखुबाई, ज्यांना सगळा ग्रंथ पाठ, त्याही नुसत्या पाहत होत्या.

"माझ्याकडं नको बघू बाई," सखुबाई म्हणाल्या. "मी पण पहिल्यांदाच ऐकते."

विमलाबाईंना हसू आलं, आणि हसताना छातीवरचं ओझं जरा हललं. आपल्याला जे ठाऊक नाही ते इथे बसलेल्या कोणत्याच बाईला ठाऊक नाही. ते आपणच त्यांना सांगायचंय. त्यांनी शब्द फोडला. आधी अर्धं अक्षर, मग पूर्ण, मग पुढचं अर्धं. दोनदा चुकला. तिसऱ्यांदा अख्खा शब्द तोंडातून बाहेर पडला, आणि समोरच्या बायांनी तो आपण होऊन हळूच म्हटला.

पान संपलं. ग्रंथ मिटून त्यांनी कपाळाला लावला. वाचणाऱ्याने शेवटी दोन शब्द बोलायचे असतात.

"माझ्या जिद्दीचं कौतुक कराल," त्या म्हणाल्या, "तर तसं नाय. जिद्द माझी एका दिवसात माळ्यावर गेली होती. ह्यांनी दोनदा मीठ घातलेली भाजी खाल्ली. किशोरभाऊंनी ही पानं माझ्यासाठी राखली, तुम्ही सगळ्यांनी वाट पाहिली. आणि..." त्यांनी दाराकडे पाहिलं.

पायल दवाखान्यातून थेट आली होती, खांद्याला पर्स तशीच, दाराशी चपलांजवळ उभी. विमलाबाईंनी तिला हाताने बोलावलं. ती पुढे आली. विमलाबाई आसनावरून उठल्या, सुनेसमोर उभ्या राहिल्या, आणि पहिलीतली पोर शाळेत शिरताना करते तसे दोन्ही हात जोडले.

"जय भीम, बाई," त्या म्हणाल्या.

पायलने सासूचे जोडलेले हात आपल्या दोन्ही हातांत धरले आणि तशीच उभी राहिली.