फरशीखालची पायरी

शुक्रवारी सकाळी साडेसहा वाजता शेवटच्या पायरीवरच्या काकूंनी आपल्याच स्वयंपाकघराची फरशी फोडायला घेतली. फरशी नवी होती, इस्त्रीच्या कमाईतून बसवलेली. पहार मारत होते त्यांचे मानलेले दीर, गल्लीतले सुतार.

"जपून, भावजी. कडेची तरी वाचवा."

"भिंतच पडायची वेळ आलीय वहिनी, आणि तुम्ही फरशीला जपताय!"

दारावर लाल फुली होती. नदीकाठाने नवा रस्ता जाणार आहे. त्याच्या आड येणारी घरं पाडायची, पण नदीला बांध घातला त्याआधीची घरं राखायची, असं नगरपालिकेने ठरवलं आहे. काकूंचं घर बांधानंतरचं ठरलं होतं. पाहणीला आलेल्या साहेबांना तसं सांगितलं होतं पहिल्या पायरीवरच्या अप्पांनी, आणि तेही ऐटीत: "ती शेवटची पायरी? कालची माणसं!"

या वस्तीत पत्ता पायरीने सांगतात. इथे घाट होता. नदी मागे सरत गेली तशी उघड्या पडलेल्या पायरीवर माणसं घर बांधत गेली. सगळ्यात वर नावाडी, त्याखाली दोर वळणारे, मग सुतार, मग शिंपी आणि इस्त्रीवाले. शहर फार नंतर आलं. त्याची पहिली वीट आणि पहिला हाकिम आमच्याच नावेतून उतरला, हे इथलं शेंबडं पोरही सांगतं. आज घरांवर मजले चढलेत, गच्चीवर टाक्या आल्यात, खाली मोबाईल दुरुस्तीची दुकानं आहेत. स्वयंपाकघर मात्र अजून प्रत्येक घरात एक पायरी खालीच. नवी सून तिथे ठेचकाळली की सगळ्यांना बरं वाटतं. न ठेचकाळणारीला विचारतात, "आधी येऊन बघून गेली होतीस का गं?"

वरच्या पायरीने खालच्या पायरीला उपरं म्हणायचं, हीही इथली जुनीच रीत.

फरशीखाली घाटाची पायरी निघाली तर घर जुनं ठरेल, या आशेवर काकू खोदायला लावत होत्या. पहार दगडावर वाजली. सुतारांनी हाताने माती सारली. घाटाची पायरी होती. तिच्या काठावर दोरांनी पडलेल्या खाचा होत्या, बोट बसेल इतक्या खोल. खाली आणखी एक पायरी होती, आणि ती सरळ बांधाच्या भिंतीखाली गेली होती.

निरोप मिळताच साहेब आले. ते खड्ड्यात उतरले आणि त्यांनी नीट मोजमाप घेतलं. गल्ली दारात लोटली होती.

"पायरी बांधाच्या आधीची, यात वाद नाही," ते म्हणाले. "पण पायरी म्हणजे घर नव्हे. तिच्यावर घर कधी उभं राहिलं?"

मग गर्दीतून अप्पा पुढे आले.

"बांधाचे मजूर याच घराच्या सावलीत जेवायला बसायचे. मी त्यांना पाणी नेऊन द्यायचो. घर आधीचं आहे."

"आणि इतकी वर्षं आम्हाला कालचे म्हणत होतात ते?" काकूंचा आवाज चढला.

"चिडवत होतो, सूनबाई. चिडवायला तरी शेजारी आधीपासून असावा लागतो ना!"

गल्ली हसली. काकू हसल्या नाहीत. "माझ्या दारावर फुली आली, अप्पा."

अप्पांनी मान खाली घातली. मग साहेबांकडे वळून म्हणाले, "लिहा. पहिली पायरी खोटं बोलली. आमची पायरी उंच दिसावी म्हणून बोलली."

भर गल्लीत असं बोलणं पहिल्या पायरीवरच्या कुणाला आजवर जमलं नव्हतं. काकूंनी खुर्ची पुढे सरकवली. "बसा आधी."

साहेबांनी लिहून घेतलं. "पण अप्पा, पहिला जबाबही तुमचाच आहे. वरचे साहेब विचारतील, दोन्हींतला कुठला धरायचा?"

"विचारू देत. मी इथेच आहे. जाणार कुठे?"

दोन्ही जबाब खड्ड्याच्या फोटोंसकट वर गेले आहेत. सोमवार दुपारपर्यंत उत्तर आलेलं नाही. फुली दारावर आहे. घर पाडायचं यंत्र वस्तीच्या तोंडाशी येऊन उभं आहे. गल्लीत ते वळत नाही, म्हणून चालक लहान यंत्राची वाट पाहतो आहे.